कोलोनच्या पावसात सासरे-सून

आमच्या घरातली रंगतदार भांडणं नवरा-बायकोची नसतात, सासरे-सुनेची असतात. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर, मूळचे वाईचे. सगळी नोकरी धरणं, कालवे आणि गळती यांत गेली. सून रसायनशास्त्राची. ड्युसेलडॉर्फमध्ये नोकरी करते आणि कुठलीही गोष्ट आधी वाचल्याशिवाय बघायला जात नाही. नाना आमच्याकडे आले की कोलोनचं कॅथीड्रल दाखवायचा बेत ठरायचा आणि काही ना काही कारणाने राहून जायचा. या खेपेला ठरलेल्या शनिवारी पहाटेपासून पावसाची रिपरिप. नाना म्हणाले, रद्द करा. सून म्हणाली, आजच जाऊ. अखेर मेथीच्या पुऱ्यांचा डबा, चहाचा थर्मास आणि नात यांच्यासह आम्ही गाडीत बसलो. ड्युसेलडॉर्फहून कोलोन रेल्वेनं जेमतेम अर्ध्या तासावर. छत्री धरणं आणि ऐकणं एवढंच काम माझ्याकडे होतं, म्हणून हा वाद जसा झाला तसा मांडता येतो आहे.

कोलोनच्या मुख्य स्टेशनातून बाहेर पडल्यावर कॅथीड्रल शोधावं लागत नाही. ते अंगावरच येतं. १५७ मीटर उंचीचे दोन मनोरे, त्या दिवशी टोकं ढगात गेलेले. आणि सगळं अंग काळं.

नाना : हे जळलं होतं का कधी? युद्धात वगैरे?

सून : सगळ्यांना तसंच वाटतं. पण हा रंग आगीचा नाही नाना, कोळशाच्या धुराचा आणि पावसाचा आहे. आत्ता आपण जिथून बाहेर आलो तिथे १८५९ पासून स्टेशन आहे. वाफेची इंजिनं इथे ऐन दारात धूर सोडायची, शिवाय आजूबाजूचे कारखाने. कोळशाच्या धुरात गंधक असतं. ते पावसात मिसळलं की पाणी आम्ल होतं. इथल्या काही वालुकाश्मांत वाळूचे कण चुन्यासारख्या द्रव्यानं धरून ठेवलेले आहेत. आम्ल पाणी त्या चुन्याचं जिप्सम करतं, त्या जिप्सममध्ये काजळी अडकते आणि वर काळी खपली धरते. खपली पडली की तिच्यासोबत दगडही जातो.

नाना : म्हणजे पाऊस या इमारतीला खातोय आणि तू मला नेमकी पावसात दाखवायला आणलीस. आजारी माणसाला ताप चढलेला असताना भेटायला जाण्यासारखं झालं हे.

सून : डॉक्टर तेव्हाच जातात ना! उन्हात आलो असतो तर तुम्ही मनोरे बघितले असते, फोटो काढला असता आणि गाडीत बसला असता. आज वर बघा. छपरावरचं पाणी कुठून खाली येतंय?

नाना थांबले. चष्म्यावरचे थेंब पुसून त्यांनी इमारतीला बाजूने वळसा घातला. चाळीस वर्षं सांडवे बघितलेला माणूस पाण्याची वाट शोधायला लागला की त्याला हाक मारून उपयोग नसतो. आम्ही मागून चालत राहिलो.

नाना : हे बघ, मधलं छप्पर फार उंच. त्याचं पाणी सरळ भिंतीवर सोडलं तर पायाची वाट लागेल. म्हणून या तिरक्या दगडी कमानी. मला आधी वाटलं या नुसत्या भिंतीला टेकू देतात. टेकू तर देतातच, आतल्या कमानदार छताचा बाहेरच्या दिशेनं येणारा रेटा घेऊन जमिनीत उतरवतात. पण त्यांच्या पाठीवरून पन्हळही काढलेली दिसते. आणि ती राक्षसांची, कुत्र्यांची तोंडं बाहेर आलेली आहेत ती शोभेची नाहीत. पाणी भिंतीपासून लांब फेकायची व्यवस्था आहे ती. गोमुखच की.

सून : म्हणजे पाऊस मधे येत नाही, तर तोच दाखवतोय.

नाना : पाणी दाखवतोय, कबूल. इमारत दाखवतोय की नाही ते ठरायचंय. मला एक सांग, हे किती जुनं?

सून : पायाचा दगड १५ ऑगस्ट १२४८ रोजी आर्चबिशप कोनराड फॉन होखश्टाडेन यांनी ठेवला. पहिला स्थपती गेरहार्ड. पूर्वेकडचा वेदीचा भाग १३२२ मध्ये पूर्ण होऊन त्याची प्रतिष्ठापना झाली.

नाना : आणि हे मनोरे?

सून : १८८०.

नाना : १८८०! मग तेराव्या शतकाचं काय घेऊन बसलीस? आमच्या आजोबांच्या वडिलांच्या काळातलं बांधकाम झालं हे. तेराव्या शतकातलं म्हणून दाखवायचं आणि एकोणिसाव्या शतकात बांधायचं, याला नक्कल म्हणतात.

सून : नक्कल कशी? सोळाव्या शतकात काम थांबलं. यात्रेकरूंचा पैसा आटला, धर्मसुधारणेच्या चळवळीनं जुनी श्रद्धा हलली. दक्षिण मनोरा अर्धवट राहिला आणि त्याच्या डोक्यावर दगड चढवायची लाकडी यारी तशीच उभी राहिली. तीनशे वर्षांहून जास्त काळ! त्या काळातली शहराची चित्रं बघा, प्रत्येकात एक अपुरा बुंधा आणि त्याच्यावर वाकलेली यारी आहे. लोकांना तीच शहराची ओळख वाटायची. नव्यानं काम सुरू झाल्यावर १८६८ मध्ये ती उतरवली.

नाना : तेच म्हणतोय मी. यारी हा खरा इतिहास होता. या शहराला झेपलं तेवढं त्यांनी बांधलं आणि थांबले. ती अपुरी इमारत प्रामाणिक होती. पुढे कोणीतरी येऊन आपल्या कल्पनेनं मनोरे चढवले.

सून : आपल्या कल्पनेनं नाही. मूळ नकाशा होता. पश्चिमेच्या दर्शनी बाजूचा, चामड्यावर काढलेला, चार मीटरच्या वर उंचीचा. फ्रेंच सैन्य १७९४ मध्ये इथे आलं, कॅथीड्रलचं कोठार झालं, त्या धामधुमीत कागदपत्रं पांगली. नकाशाचा एक अर्धा भाग १८१४ मध्ये डार्मश्टाटला सापडला आणि दुसरा १८१६ मध्ये पॅरिसमध्ये. दोन तुकडे जुळवले तेव्हा कळलं, मध्ययुगातल्या स्थपतीच्या डोक्यात काय होतं. आज तो नकाशा इथेच आत आहे, उजेडानं खराब होऊ नये म्हणून पडद्यामागे ठेवतात. मनोरे त्या नकाशाबरहुकूम उभे राहिले.

नाना काही क्षण गप्प. नकाशाबरहुकूम झालेल्या कामाला नावं ठेवणं त्यांच्या रक्तात नाही. पण हार मानणंही नाही.

नाना : नकाशा जुना, मान्य. दगड?

सून : दगड नवा. जुन्या भागाचा दगड ऱ्हाईन नदीच्या वरच्या अंगाला ड्राखनफेल्स नावाचा डोंगर आहे तिथला. ट्रॅकाइट, ज्वालामुखीतून झालेला.

नाना : म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा भाऊबंद.

सून : लांबचा. होड्यांतून नदीच्या प्रवाहाबरोबर यायचा. पण त्या डोंगराच्या माथ्यावर किल्ल्याचे पडके अवशेष होते आणि खाणकामानं ते ढासळायला लागले. म्हणून प्रशियाच्या सरकारनं १८३६ मध्ये तो भाग विकत घेतला आणि खाण थांबली. सहा वर्षांनी त्याच सरकारच्या राजानं कॅथीड्रल पुरं करायला घेतलं तेव्हा दगड दुसरीकडून आणावा लागला. श्टुटगार्टजवळच्या श्लाइटडॉर्फचा वालुकाश्म पुष्कळ वापरला. कोरायला छान, दिसायला उजळ.

नाना : आणि चुना धरलेला.

सून : हो. पावसानं सगळ्यात जास्त खाल्ला तो हाच. तेराव्या शतकातला ट्रॅकाइटही झिजला आहे, पण एकोणिसाव्या शतकातला हा दगड त्याच्यापेक्षा लवकर कच्चा पडला.

नाना : बघ, नव्यानं जुन्याआधी मान टाकली! साहित्य मंजूर करण्याआधी चाचणी नको का घ्यायला?

इथे नातीनं मध्येच विचारलं, ‘‘आजोबा, तुमचा गुडघा नवीन आहे ना? मग तुम्ही नवीन आहात का जुने?’’ नाना तिच्याकडे आणि मग आपल्या गुडघ्याकडे बघत राहिले. सून हसली नाही. तिला तो मुद्दा वापरायचा होता, म्हणून तिनं तो राखून ठेवला. पाऊस वाढला होता, आम्ही आत शिरलो.

दारात काळ्या-लाल झग्यातल्या सेवकानं नानांना कानटोपी काढायची खूण केली. ‘‘आपल्याकडे चपला बाहेर, इथे टोपी बाहेर,’’ असं म्हणत नानांनी ती खिशात घातली आणि वर बघितलं. मधल्या दालनाची उंची ४३ मीटरांहून जास्त. चौदा मजली इमारत आत मावेल. ओल्या छत्र्या, ओल्या बुटांचे आवाज, आणि त्या सगळ्याच्या वर ती उंची.

नाना : मला हे पटत नाही.

सून : काय?

नाना : ही उंची. आपल्या देवळात गाभारा बसका, काळोखा. देव हाताच्या अंतरावर. इथे माणूस आत आला की आधी लहान होतो. हे देवासाठी केलंय की राजासाठी?

सून : दोघांसाठी. ते मी नाकारत नाही. १८४२ मध्ये नव्या कामाची कोनशिला ठेवली ती प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा यानं. राजा प्रोटेस्टंट, शहर कॅथलिक. नेपोलियन जाऊन जेमतेम एक पिढी झाली होती, जर्मन लोकांना आपलं म्हणून काहीतरी मोठं हवं होतं. हे काम म्हणजे राष्ट्र उभारण्याचं काम ठरलं. पण पैसा नुसता राजाचा नव्हता. त्याच वर्षी नागरिकांची कॅथीड्रल उभारणी संस्था सुरू झाली, वर्गणी गोळा झाली, पुढे लॉटरी काढली.

नाना : आणि उद्घाटनाला राजा.

सून : १५ ऑक्टोबर १८८०, सम्राट विल्हेल्म पहिला. आणि गंमत म्हणजे या कॅथीड्रलचे आर्चबिशपच हजर नव्हते. बिस्मार्कच्या सरकारचं आणि कॅथलिक चर्चचं वाकडं आलं होतं, आर्चबिशप मेल्खर्स देशाबाहेर परागंदा होते.

नाना : घर सजवलं, मालक बाहेर. जगातली सगळ्यात उंच इमारत झाली असेल तेव्हा?

सून : चार वर्षं. १८८४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्मारकानं मागे टाकलं.

नाना : बघ, म्हणून म्हणतो. उंचीची शर्यत लावली की चार वर्षांत हरायची तयारी ठेवावी.

मुख्य वेदीच्या मागे काचेत सोन्याची मंजूषा आहे. त्या मंजूषेसमोर गर्दी होती. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या अस्थी तिच्यात आहेत अशी श्रद्धा. मंजूषेचं काम वेर्दूंच्या निकोलसच्या हातचं, साधारण ११९० पासून पुढची काही दशकं चाललेलं. सव्वादोन मीटरच्या आसपास लांब, भोवती प्रेषितांच्या आणि राजांच्या सोनेरी मूर्ती.

नाना : या अस्थी इथे कशा आल्या?

सून : मिलानहून. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं मिलान जिंकलं आणि त्याचे चान्सलर, कोलोनचे आर्चबिशप राइनाल्ड फॉन डासेल, ११६४ मध्ये त्या इथे घेऊन आले.

नाना : घेऊन आले म्हणजे?

सून : लूट. त्या अस्थींमुळे इथे यात्रा सुरू झाली, यात्रेमुळे पैसा आला, जुनं चर्च अपुरं पडलं आणि हे बांधायला घेतलं. १९०३ च्या सुमारास काही भाग मिलानला परत दिला. शहराच्या निशाणीवर आजही तीन मुकुट आहेत.

नाना : म्हणजे सगळ्याचा पाया लुटीवर.

सून : नाना, तुमच्या वाईजवळ मेणवलीच्या घाटावर घंटा आहे ना?

नाना : आहे. पोर्तुगिजांची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हाची.

सून : चर्चची घंटा देवळात. लहानपणी ती वाजवताना तुम्हाला लूट वाटली?

नाना : नाही. विजय वाटला. पण मेणवलीची घंटा कुणी सोन्याच्या पेटीत ठेवून तिच्याभोवती धर्म उभा केला नाही. आणि आम्ही ती कुठून आली ते लपवत नाही, मोठ्यानं सांगतो.

सून : इथेही लपवत नाहीत. हे बघा, आणखी एक.

वेदीच्या भोवतालच्या फेरीत एक लेखशिला आहे. १२६६ सालची. आर्चबिशप एंगेलबर्ट दुसरा यांनी कोलोनच्या ज्यू लोकांना दिलेले हक्क तिच्यात कोरलेले आहेत. प्रेतं वेगळा कर न भरता पुरता यावीत, सावकारीत त्यांच्याशी ख्रिस्ती सावकारांनी स्पर्धा करू नये, असे. सुनेनं मजकुराचा आशय नानांना सांगितला. नाना खूश होणार, एवढ्यात तिनंच पुढची हकीकत सांगितली.

सून : हे हक्क दगडात कोरले, तरी १३४९ मध्ये इथल्या ज्यू वस्तीवर हल्ला होऊन कत्तल झाली आणि १४२४ मध्ये त्यांना शहरातून कायमचं हाकललं. आणि इथेच पलीकडे पुरोहितांची कोरीव लाकडी आसनं आहेत. चौदाव्या शतकाच्या आरंभीची, १०४ जागांची. त्यातल्या एका आसनावर ज्यू लोकांची डुकराबरोबर विटंबना करणारं कोरीव काम आहे.

नाना : अजून आहे?

सून : आहे.

नाना : मग तासून काढत का नाहीत? इतका दगड बदलता, एक लाकूड बदलता येत नाही?

सून : आत्ता बाहेर तुम्ही म्हणत होता, जुनं जसं आहे तसं ठेवावं.

नाना : दगडाची गोष्ट वेगळी. हा माणसांचा अपमान आहे.

सून : म्हणून तर ठेवायचं. काढून टाकलं तर हे कॅथीड्रल नुसतं सुंदर उरेल. मग लेखशिला दाखवून म्हणता येईल, बघा आम्ही किती उदार होतो! दोन्ही एका छपराखाली असली की खोटं बोलता येत नाही.

नाना : ठेवायचं तर शेजारी स्पष्ट लिहून ठेवायचं. नुसतं ठेवणं पुरेसं नाही. न बोलता ठेवलेला अपमान हा अपमानच असतो.

या मुद्द्यावर सून बोलली नाही. मला वाटतं, दिवसभरात नाना सगळ्यात बरोबर असलेला क्षण तो होता.

दक्षिण बाजूला पोचलो तेव्हा अख्ख्या भिंतीभरच्या खिडकीत रंगीत चौकोन दिसले. ना संत, ना येशू, ना गोष्ट. नुसते चौकोन. गेरहार्ड रिश्टर या चित्रकाराची ही २००७ सालची खिडकी. ७२ रंगांचे अकरा हजारांहून जास्त काचतुकडे. दुसऱ्या महायुद्धात जुनी काच गेली, त्या जागी साधी काच होती, ती काढून ही बसवली.

नाना : ही तर बाथरूमच्या टाइल्सची शोरूम वाटते.

सून : तेव्हाच्या आर्चबिशप योआखिम माइसनर यांनाही आवडली नव्हती. चर्चपेक्षा मशिदीला शोभेल असं त्यांचं मत होतं.

नाना : मग मी एकटा नाही. ऊन असतं तर फरशीवर रंग तरी सांडले असते. आज तेही नाही.

सून : उन्हात एका बाजूची खिडकी जळते आणि दुसरी मरते. ढगाळ उजेड सगळीकडून सारखा येतो. शेजारच्या जुन्या खिडक्यांतली माणसं बघा, आज त्यांचे चेहरे दिसतात.

नानांनी बघितलं, मान हलवली, पण कबुली दिली नाही. मग ते उत्तरेच्या मनोऱ्याच्या खांबाची चौकशी करू लागले. पुस्तकातलं एक चित्र त्यांच्या लक्षात राहिलं होतं. युद्धात या इमारतीवर १४ मोठे बॉम्ब थेट पडले. छपराच्या कमानी काही ठिकाणी कोसळल्या, पण इमारत उभी राहिली. भोवतालचं जुनं शहर मात्र जवळपास सगळं गेलं. मौल्यवान रंगीत काचा आधीच उतरवून ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या. १९४३ मध्ये उत्तर मनोऱ्याचा एक खांब बॉम्बनं फोडला तेव्हा मनोरा झुकू नये म्हणून घाईघाईनं विटांनी खड्डा बुजवला गेला.

नाना : कुठाय ती विटांची डागडुजी? मला तीच बघायची होती.

सून : २००५ मध्ये तिच्यावर दगडाचं आवरण चढवलं.

नाना : हे मात्र चूक केलं! तुझ्याच न्यायानं सांगतो. डुकराचं कोरीव काम ठेवायचं, कारण ते खरं. मग विटा का झाकल्या? त्या विटा म्हणजे या इमारतीचा सगळ्यात खरा भाग होता. संकटकाळी जे हाताशी होतं त्यानं इमारत वाचवली. मी असतो तर तो भाग तसाच ठेवून वर पाटी लावली असती.

सून : त्या वेळी शहरात पुष्कळ लोकांनी हेच म्हटलं होतं. मलाही तुमचंच पटतं.

दिवसातलं हे पहिलं एकमत. नाना खुशीत आले आणि घंटांकडे वळले. दक्षिण मनोऱ्यात सेंट पीटरची घंटा आहे, १९२३ सालची, २४ टनांची. तिच्याआधी तिथे ‘कैझर’ नावाची त्याहून जड घंटा होती. १८७०-७१ च्या युद्धात फ्रेंचांकडून जिंकलेल्या तोफा वितळवून ती ओतली होती. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, धातू कमी पडला तेव्हा ती घंटा उतरवून वितळवली.

नाना : म्हणजे तोफांची घंटा आणि घंटेच्या परत तोफा. मेणवलीची घंटा निदान घंटा म्हणूनच राहिली.

पाऊस थांबायची वाट बघत आम्ही स्टेशनाच्या आडोशाला बसून पुऱ्या खाल्ल्या. समोर मनोऱ्याच्या एका अंगाला पत्र्यांच्या परांच्या बांधलेल्या दिसत होत्या. सुनेनं राखून ठेवलेला मुद्दा आता काढला.

सून : नाना, त्या परांच्या दिसतात? या इमारतीवर त्या कुठे ना कुठे असतातच. कॅथीड्रलची स्वतःची कार्यशाळा आहे. पाथरवट, काचकाम करणारे, सुतार, लोहार, छपरावर शिशाचे पत्रे चढवणारे, सगळे पगारी. झिजलेला दगड काढायचा, त्याच मापाचा नवा कोरून बसवायचा. खर्चाचा मोठा वाटा आजही १८४२ ची ती नागरिकांची संस्था उचलते. १९९९ ते २०१२ या काळात मुख्य स्थपतीच्या पदावर बार्बरा शॉक-वेर्नर होत्या, या पदावरच्या पहिल्या बाई. इथली एक म्हणच आहे की ज्या दिवशी हे कॅथीड्रल पुरं होईल त्या दिवशी जग बुडेल.

नाना : ही म्हण कंत्राटदारानंच काढली असणार. असलं वाक्य आमच्या खात्यात कोणी बोललं असतं तर विधानसभेत प्रश्न आला असता. इमारत म्हणजे बांधून हवाली करायची वस्तू. जन्मभर दुरुस्तीच चालली असेल तर रचनेत दोष आहे.

सून : धोमचं धरण बांधून हवाली केलंत ना?

नाना : केलं.

सून : मग त्यानंतर?

नाना : त्यानंतर काय, दर वर्षी पावसाळ्यापूर्वी तपासणी. पावसाळा संपल्यावर तपासणी. दरवाज्यांना ग्रीस, रबराचे सील बदलायचे, गळतीच्या नोंदी, सांडव्याचा दगड निसटला असेल तर...

नाना थांबले. वाक्य त्यांच्याच तोंडून पुरं झालं असतं तर वाद संपला असता, आणि ते त्यांना नको होतं.

सून : धरणात दोष होता का?

नाना : धरणाला रोज पाणी ढकलतं. या इमारतीला काय ढकलतं?

सून : तेच पाणी. वरून.

नाना : पण धरण सोडून दिलं तर खालची गावं वाहून जातील. हे सोडून दिलं तर कोण वाहून जाणार आहे? त्या पैशात शाळा होतील.

सून : इमारत पडली तर माणसं मरतील, दगड आत्ताही सुटून पडू शकतात. पण तुमचा मुद्दा तेवढाच नाही, मला कळतं. शाळा हव्यातच. इथे प्रश्न शाळा की कॅथीड्रल असा कोणी ठेवलेला नाही. आणि नुसतं दगडासाठीच हे चालतं असंही नाही. २००४ मध्ये नदीपलीकडे उंच इमारती बांधायचं ठरलं, त्यांच्यात हे मनोरे झाकोळतील म्हणून युनेस्कोनं याचं नाव धोक्यातल्या वारशात टाकलं. शहरानं उंची कमी केली, मग २००६ मध्ये नाव काढलं. जानेवारी २०१५ मध्ये मुसलमानविरोधी मोर्चा या चौकात येणार होता, तेव्हा कॅथीड्रलनं बाहेरचे दिवे मालवले. मोर्चाच्या फोटोमागे आम्ही दिसणार नाही, असं सांगितलं.

नाना : हं. राजासाठी बांधलेलं, आणि आता दिवे मालवून नाही म्हणायला शिकलं.

सून : आणि नातीचा प्रश्न राहिलाच. तुमचा गुडघा नवा आहे. दात नवे आहेत. मोतीबिंदूनंतर डोळ्यातली भिंगं नवी आहेत. मग नाना जुने की नवे?

नाना : नाना तेच. पण प्रत्येक दुरुस्तीची चिठ्ठी फायलीत आहे! हे बघ, माझी हरकत दुरुस्तीला कधीच नव्हती. हरकत आहे ती दुरुस्ती लपवून ‘आठशे वर्षं जुनं’ म्हणून छाती फुगवण्याला. बांधलं कुणी, थांबलं का, पुन्हा सुरू कुणी केलं, दगड का फसला, विटा का झाकल्या, हे सगळं सांगणार असाल तर रोज दुरुस्त करा. मी वर्गणी देतो.

वाद तिथे संपला नाही, परतीच्या गाडीत रिश्टरच्या चौकोनांवरून पुन्हा पेटला. पण माझ्या मते निकाल नानांच्या त्या बोलण्यात आहे. नाना म्हणतात ते खरं की ही इमारत निर्दोष नाही. तिच्या पायात लूट आहे, मनोऱ्यांत राजाचा डौल आहे, आसनांत द्वेष आहे. आणि सून म्हणते तेही खरं की इमारत जुनी राहते ती रोज थोडी थोडी नवी केल्यामुळेच, सोडून दिल्यानं नाही. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की जुना काळा पाषाण घासून त्यावर ऑइलपेंट मारतात किंवा सिमेंटचा गिलावा थापतात आणि समोर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावतात. कुठला दगड का बदलला, याची नोंद त्या पाटीवर नसते. नानांची चिठ्ठी आणि सुनेच्या परांच्या, दोन्हींची गरज आपल्या देवळांना, वाड्यांना आणि किल्ल्यांना आहे.

कोलोनला गेलात आणि पाऊस लागला तर हॉटेलात बसून राहू नका. आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारा, पाणी छपरावरून कुठल्या वाटेनं खाली येतं ते बघा आणि मगच आत जा. लेखशिला शोधा. मनोरा चढायचा असेल तर ५३३ पायऱ्या आहेत.